मणक्याचं मॉडेल: पाचपैकी साडेतीन, आणि मण्यांचा खर्च वेगळा

जूनमध्ये शाळेच्या प्रयोगशाळेसाठी पाठीच्या कण्याचं प्लास्टिकचं मॉडेल ऑनलाइन मागवलं. २,८५० रुपये, वर एक रबरी हातोडी फुकट. मी साताऱ्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वीस वर्षं खडूनं फळ्यावर कणा काढला, त्यामुळे खोकं उघडताना पोरांपेक्षा मीच जास्त हरखले होते.

हाडांचं काम झकास आहे. मणके हातात घेऊन वाकवता येतात, मधल्या चकत्या मऊ आहेत. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती लाल रंगवून बाहेर आलेली दाखवली आहे. आमचे शिपाईमामा तिच्याकडे बघतच राहिले. मग स्वतःच्या ढुंगणापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत बोट ओढत म्हणाले, "बाई, माझी हीच शीर." त्या जागची चकती सरकली की बहुतेक वेळा दबते ती पाचवी नस, आणि तिची कळ अंगठ्याकडेच जाते. मामांचं निदान बरोबर, पण सोबतच्या तक्त्यात तिथे चौथी नस लिहिली आहे.

घोळ नसांचाच आहे. मेरुरज्जूतून, म्हणजे कण्याच्या आतून जाणाऱ्या चेतातंतूंच्या जाड दोरीतून, नसांच्या ३१ जोड्या निघतात: मानेच्या ८, छातीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या (कमरेखालच्या तिकोनी हाडाच्या) ५ आणि माकडहाडाची १. पोरांना पिवळ्या दोऱ्या मोजायला लावल्या. "बाई, तीसच." म्हटलं, नीट मोज. दुसऱ्यानं मोजल्या, तीसच. शेवटी मी चष्मा लावून बसले. मानेत सातच जोड्या. मणके सात म्हणून नसाही सात, असा कारखान्यातल्या कुणीतरी सरळ हिशेब केलेला. खरं तर पहिली जोडी कवटी आणि पहिला मणका यांच्यामधून निघते, म्हणून मानेत एक जास्त. मॉडेलला कवटीचा तुकडाच नाही, मग ती बिचारी निघणार कुठून? वायरिंगच्या दुकानातून वीतभर पिवळी वायर आणून मी ती चिकटवली.

दुसरी चूक जास्त खटकली. आतली रज्जू थेट खालपर्यंत एकसारखी जाड नेली आहे. मोठ्या माणसाची रज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते. खाली उरतो तो नसांचा झुपका, त्याला लॅटिनमध्ये घोड्याची शेपूट म्हणतात. पाठीतलं पाणी तपासायला काढतात तेव्हा सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये घालतात ती याचसाठी. तिथे रज्जू नसतेच. हे मॉडेल बघून पोरांना उलटंच वाटेल.

हातोडी मात्र वसूल! एकेकाला टेबलावर पाय लोंबकळत बसवलं आणि गुडघ्याच्या वाटीखाली लागणाऱ्या कंडरेवर (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर) टकटक सुरू. ठोका बसला की मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो, निरोप कमरेच्या दुसऱ्या ते चौथ्या नसांवाटे रज्जूत जातो आणि मधे कुणालाही न विचारता त्याच स्नायूकडे परततो. पाय उडतो, मेंदूला मागाहून कळतं. एकाचा पाय हलेचना. पोरगं रडकुंडीला आलं, "बाई, माझं काय बिघडलंय का?" त्याला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगितलं आणि तेवढ्यात ठोकलं. पाय असा उडाला की पुढे उभी असलेली मॉनिटर दोन पावलं मागे सरली. ही युक्ती हंगेरीच्या येंद्राशिक नावाच्या डॉक्टरची.

स्वायत्त चेतासंस्थेचा, म्हणजे आपल्या मर्जीविना हृदय-आतडी चालवणाऱ्या नसांचा, तर मॉडेलमध्ये पत्ताच नाही. तिच्या अनुकंपी भागाच्या, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या नसांच्या, गाठींची माळ कण्याच्या दोन्ही बाजूंनी मानेपासून माकडहाडापर्यंत जाते, ती गाळली आहे. म्हणून मोती चौकाकडच्या एका दुकानातून निळे मणी आणले. दुकानदार म्हणाला, "तोरणाला का, बाई?" म्हटलं, मणक्याला. तो गप्पच झाला. मानेत आठ नसा असल्या तरी गाठी तीनच असतात, छातीत जवळजवळ प्रत्येक मणक्याला एक, आणि अगदी खाली दोन्ही सर एका मण्यात मिळतात. माळ एवढी लांब असली तरी रज्जूतून तिला तंतू मिळतात ते छातीच्या पहिल्या ते कमरेच्या दुसऱ्या नसेपर्यंतच, तेवढ्या भागाला लाल दोरा बांधला. बोगद्यात अचानक समोर एसटी आली की छाती धडधडते आणि तोंड कोरडं पडतं, ते या माळेचं काम. याउलट शरीराला निवांत करून पचनाला लावणारे परानुकंपी तंतू मेंदूतून आणि त्रिकास्थीतून येतात. मेंदूच नाही तर ते दाखवणार कशावर? ते फळ्यावरच काढले. तसंही जेवणानंतरच्या तासाला निम्मा वर्ग परानुकंपीच्याच ताब्यात असतो.

स्टँड लोखंडी आहे. आपल्याकडच्या पावसात ऑगस्टपर्यंत तळाला गंज धरला आणि माकडहाड दोनदा निखळलं. तक्रारीला उत्तर आलं, 'फोटो पाठवा'. फोटो पाठवले, पुढे काही नाही. तरी शाळेसाठी घ्यायला हरकत नाही, फक्त कवटीच्या तुकड्यासह मिळालं तर तेच घ्या. आमचं आता मामांच्या जुन्या रेनकोटाखाली असतं. जाता-येता ते रेनकोट उचलून लाल चकती बोटानं आत दाबून बघतात. ती परत बाहेर येते.