आश्वासन कुणाच्या सहीचं?

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाला नुकतंच नागरिकत्व मिळालंय. २०२८ला तो पहिल्यांदाच अध्यक्षासाठी मत देईल. "दोन्ही पक्षांचे उमेदवार जगाचं अर्थकारण सुधारू म्हणणार, मग निवडू कसा?" हा त्याचा प्रश्न. मी म्हटलं, पक्ष नंतर बघ. आधी बघ, दिलेला शब्द अध्यक्ष एकट्याच्या सहीने पाळू शकतो, की त्याला काँग्रेस लागते? (तिथली संसद रे, आपला पक्ष नव्हे.)

काँग्रेसची वाट खडतर. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत (देशांना अडचणीत कर्ज देणारी संस्था) कोणत्या देशाचा वाटा किती, याची फेरमांडणी २०१०मध्ये ठरली. भारताचा वाटा २.४४वरून २.७५ टक्क्यांवर जाणार होता, आणि अमेरिकेचा नकाराधिकारही शाबूत राहणार होता. मोठ्या निर्णयाला तिथे ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून जास्त आहेत. म्हणजे गमावण्यासारखं फारसं नव्हतं, खुद्द ओबामा बाजूने होते, तरी काँग्रेसची मंजुरी यायला डिसेंबर २०१५ उजाडला.

पण या वाटेने आलेली गोष्ट चिवट असते. नाफ्टा, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा मुक्त व्यापार करार, थोरल्या बुशांनी केला. १९९२च्या निवडणुकीत अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांनी 'नोकऱ्या मेक्सिकोला जातील' म्हणत जवळपास १९ टक्के मतं खेचली. जिंकलेल्या क्लिंटननी मात्र १९९३मध्ये प्रतिनिधीगृहात २३४ विरुद्ध २०० मतांनी तो मंजूर करून घेतला, तोही स्वतःच्याच पक्षातले बहुसंख्य सदस्य विरोधात असताना. ट्रम्प यांनी नाफ्टावर आयुष्यभर आगपाखड केली, आणि शेवटी त्याच दोन शेजाऱ्यांशी नवा करार करून तो काँग्रेसकडून मंजूर करून घेतला. तो १ जुलै २०२०ला लागू झाला.

सहीची वाट झटपट. बारा देशांच्या पॅसिफिक व्यापार कराराला काँग्रेसची मंजुरी मिळालीच नव्हती, म्हणून २३ जानेवारी २०१७ला ट्रम्प यांच्या एका सहीने अमेरिका बाहेर पडली. तसं २०१६च्या प्रचारात ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटनही त्याच्या विरोधातच होत्या, त्यामुळे त्या मुद्द्यावर मतदाराला निवड नव्हतीच! जागतिक किमान कराचंही (बड्या कंपन्यांच्या नफ्यावर सगळीकडे निदान ठरावीक कर) तसंच. २०२१मध्ये १३६ देश १५ टक्क्यांवर राजी झाले, बायडेन प्रशासन त्यात पुढे होतं, पण काँग्रेसने त्याला कायद्याचं रूप दिलंच नाही. २० जानेवारी २०२५ला, शपथविधीच्याच दिवशी, ट्रम्प यांनी त्यावर पाणी फिरवलं.

आयातशुल्काचा दणका तर लगेच बसतो. मार्च २०१८मध्ये पोलादावर २५ टक्के, जून २०१९मध्ये भारतीय मालाला अमेरिकेत मिळणारी शुल्कसवलत बंद, उलट आपण कॅलिफोर्नियाच्या बदामावर शुल्क वाढवलं. ऑगस्ट २०२५अखेर भारताच्या बऱ्याचशा मालावर ५० टक्के शुल्क लागलं. सहीने आलेलं पुढची सही पुसेलच असंही नाही: बायडेन यांनी पोलादाचं शुल्क काही मित्रदेशांसाठी सैल केलं, बाकी राहू दिलं. देशांमधल्या व्यापारतंट्यांवर शेवटचा निवाडा देणारं जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९पासून ठप्प आहे. त्यावरच्या सदस्यांच्या नेमणुका अडवण्यात ओबामा, ट्रम्प, बायडेन सगळेच, तेव्हा त्या विषयावरचं भाषण कुणाचंही असो, सोडून दे.

मावसभाऊ आयातीच्या धंद्यात आहे. त्याने अध्यक्षपदाच्या उमेदवाराचं शुल्काबद्दलचं प्रत्येक वाक्य शब्दशः खरं धरावं. कर आणि नाणेनिधीबद्दलची आश्वासनं मात्र मतपत्रिकेवर अध्यक्षाच्या खाली येणाऱ्या काँग्रेसच्या उमेदवारांवर तोलावीत. न्यू जर्सीत २०२८ला सिनेटची नियमित निवडणूक नाही, म्हणजे उरलं प्रतिनिधीगृह. आपल्या मतदारसंघाचा प्रतिनिधी कोण, हे त्याला अजून ठाऊक नाही.