यहूदी-ख्रिस्ती शिबीर, परतवाडा साईड: जायचं असेल तर आधी हे वाचा

५ पैकी ४ स्टार. एक कापला तो जेवणापायी, पण स्वयंपाकापायी नाही, ते खाली येईलच.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, अचलपूर तालुक्यात एका जुन्या मिशन कंपाऊंडमध्ये उपवासकाळात (ईस्टरच्या आधीचे दिवस) हे निवासी शिबीर असते, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. विषय असा की येशू यहूदी, त्याची आई यहूदी, बाराही शिष्य यहूदी, जुना करार तर पूर्ण त्यांचाच, मग इतकी शतकं वैर काऊन चाललं अन् आता ते कसं मिटवायचं. मला वाटलं होतं नेहमीसारखं लांबलचक उपदेश अन् मधून मधून गाणी. तसं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी ठाण्याहून आलेल्या बेने इस्राएली (कोकणातले मराठी बोलणारे यहूदी) बाई बोलायला उभ्या राहिल्या, नऊवारी नाही पण साधी सुती साडी, अन् आपल्यापेक्षा चांगली मराठी. माझ्या मागं बसलेल्या आजीबाई बाजूच्या सिस्टरला विचारतात, "ह्या तं आपल्यासारख्याच दिसतात वं, यहूदी कुठाय?" पूर्ण हॉल हसला, त्या बाईपण हसल्या.

माझ्या मते शिबिराचं सगळ्यात मोठं काम तिथंच झालं. आपल्याकडं यहूदी म्हटलं की बायबलमधलं पात्र, दोन हजार वर्षांपूर्वी जगून संपलेलं. इथं समोर कोकणातल्या आडनावाची बाई बसलेली, जिचे पूर्वज अलिबागकडं तेलाचा घाणा चालवायचे अन् शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. त्यांच्यात मराठीतून कीर्तनं व्हायची, वल्हांडण ह्या यहूदी सणाच्या जेवणाला वाचायची पोथी, हगादा, पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासकट छापली गेली, हे सगळं मला नवीन होतं. अन् एक किस्सा त्यांनी असा रंगवून सांगितला की पाळकसाहेबच टाळ्या वाजवत होते. १९व्या शतकात जॉन विल्सनसारखे मिशनरी कोकणातल्या-मुंबईतल्या बेने इस्राएलांना हिब्रू अन् शास्त्र शिकवायला गेले, आशा अशी की लोक ख्रिस्ती होतील. "आम्ही शाळेत गेलो, हिब्रू शिकलो, तुमचे आभार मानले अन् आणखी पक्के यहूदी झालो," बाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळचं सेशन 'परूशी' (येशूच्या काळातला, नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी गट) ह्या विषयावर होतं, फक्त ह्याच्यासाठीसुद्धा फी वसूल. आपल्या उपदेशांत परूशी म्हणजे ढोंगी माणूस, संपलं. पाळकसाहेबांनी बायबलातलं लूकचं शुभवर्तमान उघडायला लावलं. येशू परूश्यांच्या घरी जेवायला जातो, एकदा नाही तीनदा (अध्याय ७, ११, १४), अन् १३व्या अध्यायात हेरोद राजा तुला मारायला बसलाय, निघून जा, हे त्याला येऊन सांगणारे कोण, तर परूशीच. आजचे यहूदी धर्मगुरू ज्या परंपरेतले आहेत तिचं मूळ बरंचसं ह्याच लोकांत. म्हणजे दर रविवारी आपण ज्यांच्या नावानं बोटं मोडतो ते कोणाचे तरी आजे-पणजे. मग त्यांनी मार्क १२ वाचलं, सगळ्यात मोठी आज्ञा कोणती असं शास्त्री विचारतो ते, अन् बाईंनी उजवा हात डोळ्यांवर ठेवून तीच ओळ हिब्रूत म्हटली, कारण येशूनं उत्तर दिलं ते जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं, यहूदी लोक रोज म्हणतात तेच.

दुपारच्या इतिहासाच्या लेक्चरला पंखा बंद, लाईट गेलेली, तरी कोणी उठलं नाही. माणूस चांगला होता, लपवाछपवी केली नाही. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडे) प्रार्थनेत यहूद्यांबद्दल काय शब्द असायचे अन् पोप २३वे योहान यांनी ते १९५९ मध्ये कसे काढले, यहूद्यांचा संहार झाल्यावर १९४७ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीलिसबर्गला दोन्ही बाजूचे लोक बसून चर्चमध्ये काय शिकवू नये याचे दहा मुद्दे कसे ठरले, २८ ऑक्टोबर १९६५ ला व्हॅटिकननं येशूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सरसकट सगळ्या यहूद्यांवर अन् आजच्या यहूद्यांवर टाकता येत नाही असं लिहून दिलं ते. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरनं यहूद्यांविरुद्ध जे भयंकर लिहिलं तेपण सांगितलं, अन् अमेरिकेतल्या लुथरन चर्चनं १९९४ मध्ये ते उघड नाकारलं तेपण. आमच्यातले दोन-तीन म्हातारे अस्वस्थ झाले. व्हायलाच पाहिजे होते.

आता नव्या करारातलं पौलाचं रोमकरांस पत्र, अध्याय ११, जैतुनाचं झाड. पौल म्हणतो मूळ झाड इस्राएल, अन् तुम्ही बाकीचे लोक रानटी जैतुनाच्या फांद्या, कलम करून लावलेल्या. हे ऐकून वरुडकडचे एक संत्रावाले काका उभे झाले. "साहेब, हे कलम उलटं झालं ना. आपण जंबेरीचा खुंट घेतो रानटी, अन् डोळा भरतो चांगल्या झाडाचा. रानटी डोळा चांगल्या खुंटावर कोण भरते बाप्पा?" पाळकसाहेब म्हणाले, बरोबर पकडलं, पौलच २४व्या ओवीत म्हणतो की हे निसर्गाच्या उलट आहे. अन् मग त्यांनी १८वी वाचली, तू मुळाला धरून नाहीस, मूळ तुला धरून आहे. काका खाली बसता बसता म्हणे, "मंग तं रानटी फांदीनं माजाचं कामच नाही."

आता तो एक स्टार. शनिवारी रात्री 'वल्हांडणाचं भोजन' ठेवलं होतं, बेखमीर भाकरी, कडू भाजी म्हणून मेथी, द्राक्षरस, अन् एक छापील कागद ज्यात भाकरीवरच्या रेघा अन् भोकं म्हणजे ख्रिस्ताच्या जखमा असं लिहिलेलं. बाई ताटावर बसल्याच नाहीत, बाजूला खुर्ची घेऊन बसल्या. नंतर विचारलं तेव्हा शांतपणे सांगितलं की सन ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर पडलं, त्याच्या आधी तिथं कोकरू कापून सण व्हायचा, आज घराघरात होते तो विधी बहुतेक त्यानंतर घडत गेला, म्हणून येशूनं हेच असंच केलं म्हणणं बरोबर नाही. अन् "ताट आमचं अन् त्यात वाढता तुम्ही तुमचा अर्थ, मग आमची ओळख कशी होणार?" पटलं मला. दिवसभर जे शिकवलं ते रात्री एका कागदानं खोडून टाकलं. आयोजकांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही, पण हे आधी बाईंना फोन करून विचारता आलं असतं. शूटिंगचंपण तेच, शब्बाथच्या (यहूद्यांचा शनिवारचा विश्रामदिवस, चांदण्या दिसल्या की संपतो) दिवशी भर दुपारी कॅमेरा घेऊन उभे, त्या नाही म्हणाल्या तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. मग प्रश्नोत्तरं चांदण्या दिसल्यावर घेतली.

त्याच्या उलट रविवारी सकाळचा मलिदा एकदम भारी. हा त्यांचा स्वतःचा पदार्थ, एलियाहू हन्नाबीच्या (संदेष्टा एलीया) नावानं करतात, भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वरून फळं. बाईंनी स्वतः केला अन् आधी प्रार्थना कशाकशावर म्हणतात ते सांगितलं, आम्ही पाहुणे म्हणून खाल्ला. कॉलेजची पोरं गोड पोहे बघून तर्री शोधत होती, सोडून द्या. शिबीर पूर्ण असंच असायला पाहिजे होतं, त्यांनी वाढायचं अन् आपण खायचं.

बाकी जेवण साधं, शाकाहारी, वरण-भात-भाकर अन् वांग्याची भाजी, झणझणीत. पाहुण्यांना अडचण नको म्हणून मटण ठेवलंच नाही, हे चांगलं केलं. फी नाममात्र. बाथरूम कमी आहेत, सकाळी लाईन लागते. उपासनेचं म्हणून गाण्याच्या पुस्तिका दिल्या त्यांची छपाई इतकी बारीक की चष्मेवाल्यांनी सोडूनच द्या.

जाणार असाल तर शुक्रवारी चारच्या आत पोचा, उशिरा गेलं की पहिलं सेशन हुकते. सोबत बायबल न्या, जुन्या करारासकट, नुसता नवा करार घेऊन आलेले सारखे बाजूवाल्याच्या पुस्तकात डोकावत होते. चादर अन् ओडोमॉस आपलं आपलं. अन् फॉर्म भरताना सूचनांच्या रकान्यात शनिवार रात्रीबद्दल नक्की लिहा, मी लिहिलंय, चार लोकांनी लिहिलं तर पुढच्या वर्षी कागद बदलेल.