समुद्रकन्येचे सूर: ‘साँग ऑफ द सी’चा संगीत अल्बम

चित्रपटासाठी वाद्यवृंदाचे संगीत रचू पाहणाऱ्या कोल्हापुरातील प्रत्येक तरुणाने 2014 सालच्या या आयरिश ॲनिमेशनपटाचा अल्बम चांगले हेडफोन लावून ऐकावा, अशी माझी मनापासून शिफारस आहे. फ्रेंच संगीतकार ब्रुनो कुले आणि आयरिश लोकसंगीत वाजवणारा ‘कीला’ हा संच यांनी तो मिळून घडवला आहे. कथा आहे सेल्कीची, म्हणजे समुद्रात सील असणाऱ्या आणि कातडे उतरवताच माणूस होणाऱ्या लोककथेतील जीवाची.

या संगीताची खरी श्रीमंती वाद्यांच्या मांडणीत आहे. इलन पाइप्स या आयरिश वाद्यात कोपराने दाबायच्या भात्यातून हवा भरली जाते आणि त्यातील स्थिर स्वर, आपल्या तंबोऱ्याच्या षड्जाप्रमाणे, सुरावटीखाली अखंड घुमत राहू शकतो. अशा लोकवाद्यांना येथे केवळ प्रदेशाची ओळख करून देण्यासाठी बोलावलेले नाही, तर तंतुवाद्यांच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. आईच्या भूमिकेला आवाज देणाऱ्या लिसा हॅनिगन यांचे गाणे तर अंगावर काटा आणते. काही तुकडे मात्र रंगात येता येताच संपतात, याची चुटपुट लागते.

1929 मध्ये ज्या शहरात ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीची स्थापना झाली, तेथील संगीतकारांच्या हाताशी हलगी, धनगरी ओव्या आणि शाहिरी पोवाडे आहेत, त्यांना वाद्यवृंदात मानाने कसे बसवावे, हे येथे शिकता येते. आधी चित्रपट पाहावा, मग अल्बम सलग ऐकावा.