कुलाबा आणि जंजिरा एका दिवसात: आधी तिथी बघा, मग गाडी काढा

अलिबागचा कुलाबा आणि मुरुडचा जंजिरा, दोन्ही किल्ले मुलाबाळांसह एका दिवसात होतात. मात्र आधी कोणता आणि नंतर कोणता, हे ओहोटी ठरवते. जंजिऱ्याला होडी आहे. कुलाब्याला पाणी ओसरलं तरच चालत जाता येतं.

कोकणातला जुना हिशोब अजून कामाला येतो. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ मिळते आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पंचमीला भरती पावणेचारच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेदहाला. चतुर्थी ते षष्ठी हे दिवस सगळ्यात सोयीचे: सकाळी कुलाबा, दुपारी जंजिरा. एकादशीला ओहोटी सव्वादोनच्या आसपास येते, तेव्हा क्रम उलटा करा. अष्टमीची दुपारी बाराची ओहोटी कागदावर छान दिसते, पण ती भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची. पाणी पुरतं मागे हटत नाही आणि लहान मुलं कमरेपर्यंत भिजतात. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप लांब जातं खरं, पण ओहोटी पहाटे किंवा थेट संध्याकाळी, म्हणजे किल्ला बघायला उजेड नाही. निघण्याआधी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

कुलाब्याला ओहोटीच्या दीड-दोन तास आधी, पाणी उतरत असतानाच निघावं. परत फिरताना ओहोटीनंतर एक तास ही शेवटची मर्यादा धरा. पाणी वळल्यावर पहिल्या तासात फारसं चढत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. तिसऱ्या-चौथ्या तासात ते सगळ्यात झपाट्याने चढतं. चपला ओल्या वाळूत रुततात आणि अनवाणी गेलं तर खडकावरची कालवं पाय कापतात. मागे पट्टा असलेले सँडल घाला. आजी-आजोबांसाठी घोडागाडी आहे, तिचं परतीचं भाडंही आधीच ठरवून घ्या.

आत निवांत दीड तास हवा. शिवाजी महाराजांनी 1680 साली बांधायला घेतलेला हा किल्ला पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. तटाचे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं, जोर तिथेच मोडतो आणि तटावर एकदम दाब येत नाही. मुलांना त्या फटींत बोटं घालून बघू द्या, माहितीफलकापेक्षा लवकर कळेल. सिद्धिविनायकाचं मंदिर, गोड्या पाण्याचा तलाव आणि उत्तरेकडच्या चाकांच्या दोन तोफा चुकवू नका. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. कुटुंबासाठी दोघांत उजवा हाच.

अलिबाग ते मुरुड सुमारे 50 किलोमीटर, रेवदंडा-काशिदमार्गे. रस्ता वळणांचा आहे, दोन तास धरा. सुट्टीच्या दिवशी काशिदला गाड्या खोळंबतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा. जंजिऱ्याच्या होड्या मुरुडच्या पुढे राजपुरीहून सुटतात.

जंजिरा भव्य आहे, पण होडीची सेवा त्याला न्याय देत नाही. शिडाची होडी भरेपर्यंत थांबायचं आणि किल्ल्यावर जेमतेम पाऊण तास मिळायचा. बावीस एकरांच्या किल्ल्याला हा वेळ अपुरा आहे. तेवढ्यात काय बघायचं ते आधी ठरवा: दरवाज्याजवळचं, पंजात हत्ती धरलेल्या वाघाचं शिल्प, कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचा तलाव आणि पश्चिमेच्या तटावरून दिसणारा पद्मदुर्ग. वाड्याच्या पडक्या भिंतींत रेंगाळलात तर तोफ राहून जाते. होडी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, दोन बुरुजांच्या आड लपलेला असतो. मुलांना तो शोधायला लावा.

खरी जोखीम उतरताना. होडी वरखाली होत असते आणि पायऱ्यांना शेवाळ असतं. मोबाइल खिशात, दोन्ही हात मोकळे, मूल नावाड्याच्या हातात द्यायचं आणि मग आपण उतरायचं. गुडघेदुखीच्या माणसांना राजपुरीतच बसवलेलं बरं. लाइफ जॅकेट मागून घ्या, लहान मापाचं नसेल तर पुढच्या होडीची वाट बघा. पाण्याच्या बाटल्या किनाऱ्यावरच भरा, स्वच्छतागृहाचंही तिथेच उरका.

पावसाळ्यात राजपुरीच्या होड्या बंद असतात. एरवीही वारा फार असला की ऐन वेळी फेऱ्या थांबतात. तसं झालं तर जवळच्या खोकरीला सिद्दींच्या दगडी कबरींच्या इमारती आहेत. त्यांचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे आणि तिथे गाडी थेट जाते.