हिऱ्याचं बिट म्हणून जुनं बिट: सोलापूर भागातल्या बोअरवाल्यांसाठी

मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, बार्शी या पट्ट्यात ज्यांची बोअरची गाडी चालते, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं अशी कळकळीची विनंती आहे. ‘जिओथर्मल ग्रेड, बटणांवर हिऱ्याचा थर’ असं सांगून साडेसहा इंची हॅमर बिटं, म्हणजे हॅमरच्या टोकाला लावायची दगड फोडणारी तोंडं, विकणारा एक माणूस आपल्या भागात फिरतोय. त्याच्याकडे माझे सव्वादोन लाख रुपये अडकलेत. पैशापेक्षा मला जास्त लागलंय ते हे, की त्याच्या बिटामुळे अक्कलकोटकडच्या एका शेतकऱ्याचं बोअर अर्ध्यातच सोडून द्यावं लागलं.

माणूस धंद्यातला जाणकार होता. मुरूम, मांजऱ्या, गेरू, काळा पाषाण, कुठल्या थरात बिट कसं चालतं हे तो बरोबर बोलायचा. मग विषय आइसलँडवर न्यायचा. तिथे जमिनीतल्या उष्णतेवर वीज करतात, त्यासाठी बेसाल्टमध्येच, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणातच, विहिरी मारतात. २००९ साली क्राफ्ला इथे साधारण २,१०० मीटरवर बिट थेट शिलारसात शिरलं, आणि २०१७ मध्ये रेक्यानेसची विहीर ४,६५९ मीटरपर्यंत गेली. हे सगळं तो फोटोंसह दाखवायचा. पुढे म्हणायचा, “मालक, किल्लारीला भूकंपानंतर बोअर घेतलं तेव्हा बेसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली. तुमचा दगड तोच, मग बिटही तेच लागणार.”

यातली माहिती खरी आहे आणि तिच्याच जोरावर तो विश्वास मिळवतो. पण आइसलँडच्या खोल विहिरींत मुख्यतः तीन शंकूंचं फिरणारं बिट वापरतात. त्याचे दात टंगस्टन कार्बाइडचे असतात, वरून रॉडचं वजन पडतं आणि शंकू फिरत दगड चिरडत जातात. भोक पाण्याने किंवा चिखलाच्या द्रवाने भरलेलं असतं. दुसरा प्रकार पीडीसीचा. त्यात कृत्रिम हिऱ्याच्या चकत्या दगड खरवडून काढतात. उष्णता फार वाढली, साधारण सातशे अंशांच्या वर गेली, की चकतीतला कोबाल्ट हिऱ्यापेक्षा जास्त फुगतो आणि चकती आतून तडकते. ठोक्याचंही तिला वावडं आहे. आपलं काम तर सगळं ठोक्याचं. कंप्रेसरच्या हवेवर हॅमरचा पिस्टन बिटावर आदळतो, बिट सावकाश फिरतं आणि त्याच्या तोंडावरची कार्बाइडची गोल बटणं दगड फोडतात. म्हणजे तिथलं बिट उचलून आपल्या हॅमरला लावता येतच नाही. हॅमरसाठी हिऱ्याचा थर दिलेली बटणं जगात बनतात हेही खरं आहे, म्हणून त्याचं बोलणं पूर्ण अशक्य वाटत नाही. पण तो थर काळपट करडा असतो. ह्याची बटणं सोनेरी होती.

पहिलं बिट त्याने नमुना म्हणून दिलं, पैसे न घेता. हिरा नसला तरी ते बिट खरंच नवं आणि चांगलं होतं. मंगळवेढ्याच्या बाजूला काळ्या पाषाणात ते छान चाललं, बटणं जेमतेम झिजली. म्हणून लॉटची ऑर्डर दिली, नेहमीच्या दराच्या कितीतरी पट जास्त रक्कम मोजून. पेटीत आलेली बिटं दिसायला हुबेहूब तशीच. तोच रंग, तेच कोरलेलं नाव, बटणांना तीच सोनेरी झाक.

अक्कलकोटच्या बोअरला मुरूम आणि मांजऱ्या उतरला तोवर सगळं ठीक होतं. काळा पाषाण लागला आणि थोड्याच वेळात ऑपरेटर म्हणाला, “मालक, हॅमरचा आवाज बदलला.” ठणठणीत ठोक्याऐवजी बद्द आवाज येत होता आणि रॉड झटके खात होता. वर काढलं तर सोनेरी झाक पार गेलेली, कडेची दोन बटणं मुळासकट गायब. ती भोकात पडली होती. कार्बाइडचा तुकडा तळाशी राहिला की पुढचं चांगलं बिटही त्याच्यावर आपटून फुटतं, आणि चुंबकाने तो धड उचलला जात नाही. दुसरी अडचण त्याहून मोठी होती. बिट कडेने झिजलेलं असल्यामुळे खालचं भोक अरुंद झालेलं. तिथे पूर्ण मापाचं बिट उतरवलं तर ते आवळून बसतं आणि हॅमर रॉडसकट आत अडकतो. त्या शेतकऱ्याकडून एकाही फुटाचे पैसे मी घेतले नाहीत, पण हंगामाच्या तोंडावर त्याच्या गेलेल्या दिवसांची भरपाई कशी करणार?

उरलेली बिटं एमआयडीसीतल्या ओळखीच्या टर्नरकडे नेली. त्याने आधी कॅलिपर, म्हणजे व्यास मोजायचं साधन, लावला. साडेसहा इंची नव्या बिटाचं माप १६५ मिलिमीटर भरायला हवं, ही १५९-१६० च्या आसपास भरली. रंग खरवडला तर खाली जुन्या झिजेचे ओरखडे. शँकच्या, म्हणजे हॅमरमध्ये बसणाऱ्या दांड्याच्या, खाचांना वापराची चमक होती, फक्त वरून ऑइल चोपडलेलं. नव्या बिटात बटण दाबून घट्ट बसवलेलं असतं, भोवती फट नसते. इथे कडेच्या बटणांभोवती पितळेची पिवळी रेघ दिसत होती, म्हणजे निघालेल्या जागी दुसरी बटणं झाळून बसवलेली. झाळण ठोक्याला टिकत नाही.

तेव्हा नमुना कितीही चांगला चालो, लॉटमधल्या प्रत्येक बिटाला पैसे देण्याआधी स्वतः कॅलिपर लावा. शँक पुसून उजेडात पाहा. बटणाच्या मुळाशी नखाने खरवडा, रंग निघून पिवळी रेघ दिसली तर पेटी परत करा. नमुन्याचा अनुक्रमांक लिहून ठेवा. माझ्या पेटीतल्या सगळ्या बिटांवर नमुन्याचाच नंबर कोरला होता, आणि एक नंबर दोन बिटांवर असू शकत नाही. बिलावरचा जीएसटी नंबर चालू आहे एवढ्यावर थांबू नका, पोर्टलवर तो कोणाच्या नावाने आणि कुठल्या धंद्याचा आहे ते वाचा. माझ्या बिलावरचा नंबर चालू आहे, पण त्या धंद्याचा लोखंडाशीही संबंध नाही.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली जाऊ शकते, म्हणून तासांचा फरक पडतो. पोलिसांत तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली होते. ग्राहक आयोगाचा रस्ता आपल्यासाठी जरा अवघड आहे. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला तिथे संरक्षण नाही, मात्र स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला आहे. एकच गाडी असलेल्या आणि ती स्वतः चालवणाऱ्या भावांनी वकिलाला हे आवर्जून विचारावं.

माझी तक्रार नोंदवून झाली आहे. बिटं मी विकलेली नाहीत, भंगारातही दिलेली नाहीत, पेटी आणि बिलासकट ठेवली आहेत. ज्यांना अशीच सोनेरी बटणांची बिटं मिळाली आहेत त्यांनीही ती घासून, रंगवून वापरात आणू नयेत. प्रत्येक बिटावरच्या नंबराचा फोटो काढा आणि आपापल्या ठाण्यात तक्रार द्या. एकच नंबर चार गावांच्या तक्रारींत दिसला, तर त्याला ‘चुकून झालं’ म्हणता येणार नाही.