रोमसाठी घेतलेले चालायचे बूट : आठ महिन्यांनंतर

उजव्या बुटाचा सोल सुटल्याच्या तक्रारीवर काल कंपनीचं शेवटचं उत्तर आलं. बूट पाण्यात वापरले गेल्याचं दिसतं, त्यामुळे दावा मान्य करता येत नाही. सहा ईमेल, चार फोन आणि उजव्या बुटाचे नऊ फोटो पाठवल्यावर एवढं एक वाक्य मिळालं. खोक्यावर पावसाच्या थेंबांचं चित्र आहे आणि शेजारी 'सर्व ऋतूंसाठी' असं छापलेलं आहे. त्या छपाईचा फोटोही मी पाठवला होता, त्यावर कुणी एक अक्षर लिहिलं नाही. पुढच्या खरेदीवर पंधरा टक्के सवलतीचं कूपन मात्र लगेच आलं. ते मी वापरणार नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. जाळीचे, हलके, जाड गादीचे, या किमतीत सगळीकडे दिसतात तसेच हे बूट आहेत. मी जूनच्या मध्यावर 3,749 रुपयांना घेतले. माझं वय एकसष्ट आणि आयुष्यभर चपलेची सवय, त्यामुळे एवढे पैसे पायात घालायचे हे मनाला पटायला आठवडा लागला. पण नोव्हेंबरचं रोम ठरलं होतं. माझी बहीण मोठ्या ग्रुप टूरबरोबर गेली होती, तिला रोम मिळालं दीड दिवस, त्यातला बराचसा बसच्या खिडकीतून. आम्हा दोघांना नऊ दिवस फक्त रोम करायचं होतं आणि तेही पायी. रोमला मेट्रो आहे, पण जुन्या शहराच्या पोटात ती फारशी शिरत नाही, जिथे खणाल तिथे काहीतरी निघतं. पॅन्थिऑन हे घुमटाचं प्राचीन मंदिर, नव्होना चौक, तिथली चर्चेस, सगळं चालतच बघायचं. म्हणून हॉटेलच्या आधी बूट घेतले.

जून ते ऑक्टोबर रोज सकाळी पर्वती केली. 103 पायऱ्या, आधी एकदा, मग दोनदा, गणपतीनंतर तीनदा. पहिल्या महिन्यात टाच आत हलायची, मागे फोड आले, आणि मी मैत्रिणींना स्पष्ट सांगितलं की घेऊ नका. ते मत मला मागे घ्यावं लागलं. भाचीने दाखवलं की सगळ्यात वरचं एक जादा भोक असतं, त्यातून लेस आत वळवून घेतली की घोटा धरला जातो. दुसऱ्या दिवसापासून टाच जागेवर. गादी अजूनही दबलेली नाही. पावसाळ्यात ओल्या पायऱ्यांवर एकदाही पाय घसरला नाही.

आता लेस. या बुटांना दिलेली लेस गोल आहे, गुळगुळीत, पॉलिएस्टरची, आणि ती सुटते. सैल बांधली तर सुटते, घट्ट बांधली तर जरा उशिरा सुटते. दुहेरी गाठ मारली तर भिजल्यावर ती गाठ नखांनी निघत नाही, रात्री ह्यांना सुईने काढावी लागायची. पर्वतीवर त्रास झाला नाही, कारण तिथे कठड्यावर बसता येतं. रोममध्ये पहिल्याच दिवशी मी मोजलं, अकरा वेळा सुटली. आणि तिथे बसायला जागा शोधावी लागते. स्पॅनिश पायऱ्यांवर तर 2019 पासून बसायलाच बंदी आहे, शिट्टी वाजवून उठवतात, दंडही करतात. एकसष्टाव्या वर्षी दिवसातून अकरा वेळा गर्दीत एका गुडघ्यावर खाली जाणं काय असतं, हे लेस निवडणाऱ्या माणसाला कुणीतरी दाखवायला हवं. चपटी सुती लेस तीस रुपयांना मिळते. 3,749 रुपयांच्या बुटात ते तीस रुपये कंपनीने का वाचवले, हे मला अजून कळलेलं नाही.

रोमची जमीन कशी असते ते जाणाऱ्यांनी आधी समजून घ्यावं, कारण आमचं सगळं नियोजन त्यावरून झालं. जुन्या गल्ल्यांत 'साम्पिएत्रीनी' बसवलेले आहेत, मुठीपेक्षा मोठे काळे ठोकळे, वरून चौकोनी, खाली निमुळते, वाळूवर ठोकून बसवलेले. दगड आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडासारखाच, ज्वालामुखीतून आलेला. मधल्या फटींत वाळू असते आणि ठोकळे वर्षानुवर्षांच्या रहदारीने वरखाली झालेले असतात. पाऊल कधीच पूर्ण सपाट पडत नाही. संध्याकाळी तळवा दुखत नाही, दुखतो घोटा. त्यामुळे मी दिवस असे लावले: एक दगडाचा, एक फरशीचा.

शनिवारी पोचलो, कारण दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता. त्या दिवशी इटलीतली सरकारी संग्रहालयं आणि प्राचीन स्थळं फुकट असतात. कोलोसियमची दोघांची तिकिटं म्हणजे 36 युरो, युरो शंभरीच्या आसपास धरला तर छत्तीसशे रुपये, म्हणून आधी वाटलं की रविवारी तेच उरकावं. पण फुकटच्या दिवशी तिथली रांग तास न् तास दगडावर उभं राहायला लावते. आम्ही त्याऐवजी स्टेशनजवळच्या पालात्सो मास्सिमो या संग्रहालयात गेलो. गुळगुळीत फरशी आणि तुरळक माणसं. बसलेला मुष्टियोद्धा तिथे आहे, ब्राँझचा, 1885 मध्ये सापडलेला. हातांना चामड्याचे पट्टे गुंडाळलेले, गालावरच्या जखमा तांब्याच्या, वेगळ्या बसवलेल्या. तो मान वळवून कुणाकडे तरी बघतोय. वरच्या मजल्यावर सम्राट ऑगस्टसची बायको लिव्हिया हिच्या वाड्यातली खोली आहे, चारी भिंतींवर रंगवलेली बाग, डाळिंबं, पक्षी. पैसे वाचले याचा आनंद होताच, पण हे पूर्ण तिकीट काढून बघितलं असतं तरी मला चाललं असतं.

सोमवारी बरीच संग्रहालयं बंद, कोलोसियम चालू. म्हणून सोमवार दगडाचा. तिकिटं महिनाभर आधी खुली होतात, त्यावर नाव असतं आणि पासपोर्ट बघतात, त्यामुळे स्पेलिंग नीट टाका. त्याच तिकिटात फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, आणि पॅलाटाइन टेकडीही येते. फोरममधल्या जुन्या रस्त्याचे दगड तव्याएवढे आणि उंचसखल आहेत, तिथे या बुटांच्या तळाने चांगली साथ दिली. पुढे कॅपिटोल टेकडीवर मायकेलअँजेलोने आखलेला रुंद, आरामशीर चढ आहे, आणि त्याला लागूनच आराचेली चर्चच्या 124 पायऱ्या. हे खाली थांबले, मी चढले. पर्वतीच्या तीन फेऱ्यांचा उपयोग तिथे झाला.

मंगळवार चर्चेसचा. यासाठीच मला ग्रुप टूर नको होती. काराव्हाज्जो या चारशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराची काही चित्रं रोममध्ये ज्या चर्चसाठी काढली, तिथेच अजून टांगलेली आहेत आणि बघायला एक पैसा पडत नाही. फक्त दिवा लावायला पेटीत नाणं टाकायचं, म्हणून सुटी नाणी सांभाळून ठेवा. दुपारी बरीच चर्चेस दोन-तीन तास बंद होतात. आम्ही सकाळी सान लुईजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये त्याची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं बघितली आणि तिथून पाच मिनिटांवर सांत'आगोस्तीनोत गेलो.

आत शिरले आणि डावी लेस सुटली. पहिल्याच चॅपेलसमोर मी खाली गुडघ्यावर बसले, लेस बांधली आणि मान वर केली. ह्यांनी नेमकं तेव्हा नाणं टाकलं. माझ्या डोळ्यांसमोर दोन अनवाणी पावलं होती. दारात बाळाला घेऊन उभी असलेली मरिया, तिच्यासमोर गुडघे टेकलेला एक म्हातारा आणि एक म्हातारी, दोघं पायी आलेले यात्रेकरू, हातात काठ्या. म्हाताऱ्याचे तळवे सरळ आपल्याकडे आहेत. धुळीने काळे झालेले, सुजल्यासारखे. 1605 च्या सुमाराचं हे चित्र. ते पहिल्यांदा लोकांसमोर आलं तेव्हा या मळक्या पायांवरून आणि म्हातारीच्या फाटक्या टोपीवरून बराच गलका झाला होता, असं त्या काळच्या एका चित्रकाराने लिहून ठेवलं आहे. मला गलका कळला नाही. आषाढी वारीत पुण्यात पालखी मुक्कामाला येते तेव्हा आमच्या बोळातल्या ओट्यावर असेच पाय पसरलेले असतात. माझी आई त्यांना गरम पाणी आणि तेल द्यायची. मला तिथे आईचे हात आठवले, ती तळव्यावरची माती अंगठ्याने काढायची ते. दिवा विझला, ह्यांनी दुसरं नाणं टाकलं, मग तिसरं. मी उठले नाही. उभं राहून बघितलं तर ते चित्र मरियेचं आहे. खालून ते त्या पायांचं आहे.

लेसबद्दल मी वर लिहिलेलं एक अक्षरही मागे घेत नाही. पण ती तिथे सुटली याचं मला बरं वाटतं.

बुधवारी सकाळी सेंट पीटर्सला जाऊ नका, बहुतेक बुधवारी पोपची सभा असते आणि चर्च सकाळी बंद असतं. आम्ही पॅन्थिऑन ठेवलं होतं, तेव्हा तिकीट 5 युरो होतं. त्या दिवशी धो धो पाऊस. घुमटाच्या माथ्यावर सुमारे 9 मीटरचं उघडं भोक आहे, पाऊस सरळ आत पडतो, आणि खालच्या संगमरवरात 22 बारीक छिद्रं आहेत, त्यांतून पाणी जातं. कडेला उभं राहून मी ते पाणी नाहीसं होताना बराच वेळ बघितलं. ओल्या संगमरवरावर आजूबाजूची माणसं जपून पाय टाकत होती, माझे बूट जमिनीला धरून होते. पकडीला मी पूर्ण गुण देते. आतले मोजे मात्र ओलेचिंब झाले आणि रात्री हॉटेलच्या हीटरजवळ ठेवूनही बूट सकाळी दमटच होते.

गुरुवारी व्हॅटिकन. संग्रहालयाविषयी सगळ्यांनी लिहिलं आहे, मी लिहीत नाही. सेंट पीटर्सच्या घुमटाला 551 पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी 320 उरतात, आणि शेवटी भिंतच तिरकी होत जाते, अंग एका बाजूला कलवून चढावं लागतं. हे खाली बसले. मी पूर्ण चढले, वरून सगळं रोम विटकरी रंगाचं दिसलं. उतरताना उजव्या पायाखाली फट्, फट् असा आवाज यायला लागला. चवड्यापाशी सोल सुटला होता, करंगळी आत जाईल एवढा. पाच महिन्यांत.

संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानातून गोंदाची ट्यूब आणली. ह्यांनी तो चिकटवला आणि रात्रभर खाटेच्या पायाखाली दाबून ठेवला. शुक्रवारी बोर्गेझे गॅलरी होती. तिथे वेळ आधी ठरवूनच जावं लागतं आणि दोन तासच मिळतात, म्हणजे फरशीचा दिवस, बूट निभावला. शनिवारी काही केलं नाही. दुसऱ्या रविवारी आप्पिया या जुन्या रोमन रस्त्यावर गेलो, ख्रिस्तपूर्व 312 मधला. रविवारी तिथे गाड्या बंद असतात. इतर दिवशी जाऊ नका, सुरुवातीच्या पट्ट्यात रस्ता अरुंद आहे, पायवाट नाही आणि गाड्या अंगाला घासून जातात. चेचिलिया मेतेल्लाच्या थडग्यापुढे जुने काळे दगड लागतात, त्यांवर चाकांच्या चाकोऱ्या पडलेल्या आहेत. मी दगड सोडून कडेच्या मातीतून चालले, सोल जपत.

पाण्यासाठी एक सांगते. रोममध्ये रस्त्यावर साधारण अडीच हजार नळ चोवीस तास वाहतात, पाणी उत्तम. तोटीला खालून बोट लावलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, तिथून प्यायचं. नऊ दिवसांत आम्ही पाण्याची एक बाटली विकत घेतली नाही. बसचं तिकीट दीड युरो, 100 मिनिटं चालतं. कॉफी उभ्याने प्या, बसलात की दर बदलतो.

परत आल्यावर वॉरंटीचे सहा महिने संपायच्या आत तक्रार केली. पुढचं वर लिहिलंच आहे. शेवटच्या उत्तराची वाट न बघता आमच्या कोपऱ्यावर चप्पल दुरुस्तीला बसतात त्या काकांकडे बूट नेले. त्यांनी सोल वाकवून बघितला, जुना गोंद खरवडला, कडेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, पाण्याचा काही दोष नाही. पेस्टिंग घाईत केलंय, खाली घासलंच नव्हतं." त्यांनी नवीन पेस्टिंग करून दोन्ही बुटांना चौफेर शिलाई मारली. 180 रुपये. रोमहून आणलेली ती गोंदाची ट्यूब याहून महाग होती. तुळशीबागेतून तीस रुपयांची चपटी सुती लेस आणली. डिसेंबरपासून रोज पर्वती चालू आहे, सोल हललेला नाही आणि लेस एकदाही सुटलेली नाही.

मग घ्यावेत का? गादी आणि पकड या किमतीत उत्तम आहे, तेवढ्यासाठी घ्यायला हरकत नाही. पण दुकानातून थेट शिलाई मारायला न्या आणि लेस त्याच दिवशी काढून टाका. मोठा प्रवास असेल तर पाच महिने आधी घ्या, दोन आठवडे आधी नाही. वॉरंटी किमतीत धरू नका. मी पाचांपैकी तीन देते. दुरुस्तीवाल्या काकांना वेगळे पाच.

पुढच्या आषाढी वारीत पालखीबरोबर पुणे ते सासवड चालायचं ठरवलं आहे, आयुष्यात पहिल्यांदा, हेच बूट घालून. दिवे घाटात शिलाई टिकली का, ते इथेच खाली लिहीन.