शिकारी रायफलीचे मॅगझिन: अंगचे घ्यावे की सुटे?

मॅगझिन म्हणजे रायफलीत काडतुसे साठवणारी पेटी. ती रायफलीतच कायमची बसवलेली (अंगची) असावी की बाहेर काढता येणारी (सुटी), अशी तुलना दोघांची म्हणून मांडली जाते, पण प्रत्यक्षात उमेदवार तीन आहेत. पहिला प्रकार तळ बंद असलेल्या अंगच्या मॅगझिनचा. यात काडतुसे वरूनच भरायची आणि वरूनच काढायची, कारण खाली लाकूड किंवा फायबरचा अखंड दस्ता असतो. दुसऱ्या प्रकारातही मॅगझिन अंगचेच, पण तळाला बिजागरीवर उघडणारी पट्टी असते, तिला फ्लोअरप्लेट म्हणतात. तिसरा प्रकार म्हणजे खटका दाबून बाहेर काढता येणारे सुटे मॅगझिन. रेमिंग्टन ७०० ही रायफल १९६२ साली आली तेव्हापासून तिच्या एडीएल मॉडेलचा तळ बंद आहे आणि बीडीएलला फ्लोअरप्लेट आहे. यंत्रणा एकच असूनही वापरताना दोन्हींत बराच फरक जाणवतो. 'अंगचे' म्हटल्यावर यातले कोणते, हे आधी विचारून घ्यावे.

सुट्या मॅगझिनची जाहिरात वेगाच्या नावाने होते. शिकारीत मात्र दुसरे मॅगझिन चढवण्याची वेळ क्वचितच येते. .३०-०६ या काडतुसासाठी विंचेस्टर मॉडेल ७० रायफलीच्या अंगच्या मॅगझिनात पाच काडतुसे मावतात, जाड .३०० विंचेस्टर मॅग्नम काडतुसे तीन. टिक्का टी३ या रायफलीचे नेहमीचे सुटे मॅगझिनही तीनचेच असते. पहिली गोळी नीट लागली तर एवढी पुरून उरतात. निर्णय ठरवणारे प्रश्न दोन आहेत. काडतूस चेंबरकडे, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी ते झाडले जाते त्या जागेकडे, सरळ नेण्याचे काम रायफलीचा कोणता भाग करतो? आणि दिवसातून किती वेळा रायफल भरावी व रिकामी करावी लागते?

काडतुसाला वाट कोण दाखवते

१८९८ च्या माउझर रायफलीपासून चालत आलेल्या रचनेत काडतुसे पेटीत नागमोडी, एक डावीकडे एक उजवीकडे अशी बसतात. वरच्या काडतुसाला थोपवून धरणाऱ्या कडा रिसीव्हरमध्येच, म्हणजे रायफलीच्या मधल्या सांगाड्याच्या पोलादात कोरलेल्या असतात. त्या वाकत नाहीत आणि हरवत नाहीत. रायफल पडली, दस्त्यावर ओरखडा आला, तरी काडतूस चढायची वाट तीच राहते. अंगच्या मॅगझिनची खरी ताकद इथे आहे आणि मला ती बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोठी वाटते.

बहुतेक सुट्या मॅगझिनांत हेच काम पेटीच्या वरच्या दोन ओठांकडे असते. पेटी पातळ पत्र्याची असेल तर एक ओठ दगडावर आपटून जरासा आत दबणेही पुरते. मग काडतुसाचे टोक वर जाण्याऐवजी चेंबरच्या कडेला अडते किंवा काडतूस तिरके सुटते. ओठ बाहेर फाकला तर वरचे काडतूस वेळेआधीच उसळते. चांगल्या पॉलिमर पेट्या वाकत नाहीत, आपटल्या तर पुन्हा मूळ आकारात येतात, पण त्यांच्या ओठांना चीर गेली की ती पेटी कायमची बाद समजावी. सुट्या पेटीच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. एकावर एक सरळ रांगेत काडतुसे ठेवणारी पेटी प्रत्येक काडतूस चेंबरच्या मधोमध सादर करते, त्यामुळे बोल्ट (काडतूस पुढे ढकलून चेंबर बंद करणारा सरकता दांडा) फार मऊ चालतो. टिक्काच्या बोल्टची ख्याती आहे, तिच्यात या रांगेचाही वाटा आहे.

सुट्या मॅगझिनचा सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे अर्धवट बसलेली पेटी. खटका पूर्ण अडकला नाही तर पेटी दोनेक मिलिमीटर खाली राहते, बोल्ट काडतुसाच्या बुडावरून तसाच पुढे सरकतो आणि रिकाम्या चेंबरवर बंद होतो. चाप ओढल्यावर फक्त 'टक्' ऐकू येते. बोल्ट बंद ठेवून पूर्ण भरलेली पेटी चढवताना हे हमखास घडते. वरचे काडतूस बोल्टच्या पोटाला टेकते, स्प्रिंगला दबायला जागा उरत नाही आणि खटका अडकत नाही. उपाय सोपा आहे. पेटी तळहाताने वर ढकलायची, मग दोन बोटांनी खाली ओढून पाहायची. बोल्ट बंद असताना चढवायची असेल तर एक काडतूस कमी भरायचे.

उलट बाजूला, झुडपातून जाताना खटका दबून पेटी कुठेतरी गळून पडली तर हातात एकगोळी रायफल उरते. साको ८५ रायफलीत यासाठी पेटी वर दाबून धरल्याशिवाय खटका सुटतच नाही अशी सोय आहे. शिवाय तिची पेटी रायफलीतच ठेवून वरूनही भरता येते. सुट्या प्रकारात मला हीच रचना सर्वांत शहाणी वाटते.

रिकामी करणे

वाहनात बसताना, कुंपण ओलांडताना, मचाणावर चढता-उतरताना रायफल रिकामी हवी, त्यामुळे फरक खरा जाणवतो तो इथे.

तळ बंद असलेल्या रायफलीत चार काडतुसे काढायला बोल्ट चार वेळा मागेपुढे करावा लागतो. प्रत्येक काडतूस चेंबरच्या दिशेने जाते. थंडीने बोटे आखडलेली असताना आणि अंधार पडत असताना हे काम नको वाटते, काडतुसे चिखलात पडतात ती वेगळीच. चाप अडलेला असतानाही बोल्ट फिरवू देणारी तीन टप्प्यांची सेफ्टी असेल तर धोका बराच कमी होतो. ती नसेल तर हा प्रकार मी सुचवणार नाही.

फ्लोअरप्लेट असेल तर क्रम असा: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर. बोल्ट उघडून चेंबरमधले काडतूस बाहेर. बोल्ट मागेच ठेवून तळहात पट्टीखाली धरायचा आणि खटका दाबायचा. सगळी काडतुसे हातात येतात. मग चेंबर डोळ्यांनी पाहायचे आणि करंगळीने चाचपायचे.

सुट्या मॅगझिनात क्रम उलटा आहे आणि तो उलटाच राहिला पाहिजे. आधी पेटी काढायची, मग बोल्ट उघडून चेंबर रिकामे करायचे. पेटी आत असताना बोल्ट मागेपुढे केला तर एक काडतूस बाहेर पडते आणि दुसरे आत जाते. याहून घातक म्हणजे पेटी काढून खिशात टाकली की रायफल रिकामी झाली असे वाटणे. चेंबरमधले काडतूस तिथेच असते. सुटे मॅगझिन सोयीचे असल्यामुळेच ही गफलत होते, म्हणून त्याच्या मालकाने चेंबर तपासण्याची सवय जास्त कडकपणे पाळावी.

भरणे आणि मध्येच भर घालणे

सकाळी घाईत भरायचे असेल तर सुटी पेटी निर्विवाद पुढे आहे. पण एक गोळी झाडून झाल्यावर एक काडतूस परत भरायचे असेल तर अंगचे मॅगझिन सरस ठरते. रायफल खांद्याजवळच ठेवून वरून अंगठ्याने दाबले की झाले. मात्र स्कोप फार खाली बसवला असेल किंवा त्याची पट्टी एकसंध असेल तर बोटाला जागा अपुरी पडते. स्कोप बसवायचे दोन वेगळे आधार (माउंट) असतील तर फरक लगेच कळतो. सरळ रांगेच्या अनेक सुट्या पेट्या रायफलीत असताना वरून भरता येत नाहीत. टिक्काने २०१६ च्या टी३एक्समध्ये रिसीव्हरची खिडकी मोठी केली, ती एकेक काडतूस टाकणे सोपे जावे म्हणूनच.

माउझर पद्धतीचा मोठा नखी-एक्स्ट्रॅक्टर (काडतुसाची कड पकडून ते चेंबरबाहेर ओढणारी बोल्टवरची आकडी) असलेल्या रायफलीत काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट रेटू नये. काडतुसाची कड नखीखाली मॅगझिनमधूनच सरकायची असते, जबरदस्तीने नखी तुटू शकते.

हातातला तोल आणि अचूकपणा

दिवसभर चालणाऱ्याने एक गोष्ट अवश्य पाहावी. रायफल एका हाताने नेताना बोटे मॅगझिनच्या जागीच येतात, कारण तोल तिथेच असतो. खाली डोकावणारी पाच-दहाची पेटी तासाभरात तळहाताला खुपू लागते, पिशवीवर टेकून नेम धरतानाही आडवी येते. दस्त्याशी सपाट बसणारी तीनची पेटी हा त्रास देत नाही. तळ बंद असलेला दस्ता सर्वांत हलका आणि ताठ असतो, त्याच्या बाजूने बोलणारा हा एकमेव मोठा मुद्दा.

अंगच्या मॅगझिनची पत्र्याची पेटी रिसीव्हर आणि तळाच्या धातूपट्टीमध्ये चेमटता कामा नये. स्क्रू पूर्ण आवळल्यावरही तिला वर-खाली किंचित हालचाल हवी. ती अडकलेली असेल तर रिसीव्हर दस्त्यावर न टेकता पेटीवर टेकतो आणि नेम कारण न कळता भरकटतो.

जोरदार धक्क्याच्या कॅलिबरमध्ये मॅगझिनमधली काडतुसे प्रत्येक बारासोबत पुढे आपटतात. मऊ शिशाची टोके चपटी होतात. तीच खालची काडतुसे दिवसामागून दिवस तशीच राहत असतील तर त्यांचा क्रम बदलत जावा. फ्लोअरप्लेटचा खटका सैल असेल तर अशाच धक्क्याने पट्टी उघडून सगळी काडतुसे पायाशी पडतात.

कोणी काय घ्यावे

दिवसातून अनेकदा वाहनात चढउतार, मचाणावर बसणे, नियमाने वारंवार रायफल रिकामी ठेवणे, असे असेल तर सपाट बसणारे सुटे मॅगझिन घ्यावे. दूरच्या डोंगरात पायी हिंडायचे असेल, किंवा .३७५ एच अँड एचसारखे जोरदार कॅलिबर घेऊन उलटून येणाऱ्या जनावरामागे जायचे असेल, तर नागमोडी अंगचे मॅगझिन आणि भक्कम खटक्याची फ्लोअरप्लेट. एकच रायफल सगळ्या कामांना हवी असेल तर माझे मत फ्लोअरप्लेटकडे झुकते, कारण तिच्यात हरवण्यासारखे काहीच नाही. आपल्या भागात मॅगझिनमधील काडतुसांच्या संख्येवर मर्यादा आहे का, हे मात्र आधी पाहावे.

पैसे देण्यापूर्वी त्याच कॅलिबरची पूर्ण लांबीची डमी (दारू नसलेली) काडतुसे मागून घ्यावीत. मॅगझिन पूर्ण भरून बोल्ट एकदा सावकाश आणि एकदा झटक्यात चालवावा, दोन्ही वेळा शेवटचे काडतूसही चढले पाहिजे. स्वतःची काडतुसे घरी हाताने तयार करणाऱ्याने पेटीची आतली लांबी मोजावी. .३०८ विंचेस्टरची कमाल प्रमाणित लांबी ७१.४ मिमी, .३०-०६ ची ८४.८ मिमी आहे. बुलेट याहून बाहेर बसवायची असेल तर पेटीत तेवढी जागा लागेल. सुटे मॅगझिन घेत असाल तर दुसरी पेटी रायफलीसोबतच घ्या, दोन्हींवर आकडे टाका आणि दोन्ही वेगवेगळ्या तपासा. काडतूस अडकले की कोणत्या पेटीत अडकले हे त्या आकड्यावरून लगेच कळते, रायफल उघडून बसावे लागत नाही.